सुझान लेंग्लेन : विम्बल्डनची सम्राज्ञी ते बहिष्कृत व्यावसायिक

पॅरिसच्या रोलाँ गॅरोस क्रीडासंकुलातील दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टला सुझान लेंग्लेन यांचे नाव आहे. सुमारे दहा हजार प्रेक्षकांची सोय असलेले हे कोर्ट १९९४ मध्ये बांधण्यात आले आणि १९९७ मध्ये त्याचे नामकरण झाले. फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेतील महिला एकेरीच्या विजेतीला दिला जाणारा करंडकही त्यांच्याच नावाचा आहे. मात्र ज्या फ्रेंच टेनिस महासंघाने हा मान दिला, त्याच महासंघाने १९२६ मध्ये लेंग्लेन यांच्यासाठी आपल्या स्पर्धांचे दरवाजे बंद केले होते. खेळण्याचे पैसे उघडपणे घेण्याचा करार केला, एवढाच त्यांचा अपराध होता. रोलाँ गॅरोसचे संकुल १९२८ मध्ये उभे राहिले, तेव्हा फ्रान्सची सर्वांत मोठी महिला टेनिसपटू तिथल्या स्पर्धेत खेळण्याचा अधिकार गमावून बसली होती.

सुझान लेंग्लेन यांचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिस येथे झाला. वडील शार्ल लेंग्लेन यांना घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचा व्यवसाय वारशाने मिळाला होता. तो विकून आलेल्या पैशांवर कुटुंब सुखवस्तू जीवन जगत होते. उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधील घरी आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्रकिनारी नीस येथे, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. नीसमधील त्यांचे घर टेनिस क्लबच्या समोरच होते. लहानपणी सुझान यांना दम्याचा त्रास होता. प्रकृती सुधारावी, मोकळ्या हवेत थोडा व्यायाम व्हावा, या हेतूने १९१० मध्ये वडिलांनी त्यांच्या हाती रॅकेट दिली. ती जवळजवळ खेळण्यातलीच होती.

मुलीची चमक लक्षात येताच शार्ल लेंग्लेन यांनी तिच्या प्रशिक्षणाची सूत्रे स्वतःकडे घेतली. ते स्वतः नावाजलेले खेळाडू नव्हते. पण खेळाचे निरीक्षण बारकाईने करीत. त्या काळी स्त्रिया बहुधा मागच्या रेषेजवळ उभ्या राहून चेंडू परतवत. जाळीजवळ येणे, डोक्यावरून जोरदार फटका मारणे, चेंडू जमिनीवर पडण्याआधीच टोलवणे हा पुरुषांचा खेळ मानला जाई. आपल्या मुलीने तसेच खेळावे, असे शार्ल यांनी ठरवले आणि सरावासाठी पुरुष खेळाडू निवडले. पलीकडच्या बाजूला ते हातरुमाल टाकून ठेवत आणि चेंडू नेमका त्यावर पडेपर्यंत सराव थांबत नसे. रुमालाची जागा बदलत जाई. ताकदीपेक्षा अचूकतेवर उभा असलेला लेंग्लेन यांचा खेळ या सरावातून घडला. या शिक्षणाची दुसरी बाजूही होती. चूक झाली की वडील सर्वांसमक्ष रागावत. पराभवाची धास्ती आणि त्यातून येणारे आजारपण यांनी लेंग्लेन यांचा पुढे आयुष्यभर पाठलाग केला. त्याची मुळे याच वर्षांत शोधावी लागतात.

रॅकेट हाती आल्यावर चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्यांनी फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. ही स्पर्धा तेव्हा फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरतीच मर्यादित होती. मार्गेरित ब्रोकेदिस यांनी तीन सेटच्या लढतीत त्यांना हरवले. पण त्यानंतर पॅरिसजवळ सें-क्लू येथे झालेल्या जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धेत लेंग्लेन यांनी एकेरीचे आणि दुहेरीचे विजेतेपद मिळवले. नाव हार्ड कोर्ट असले तरी ही स्पर्धा लाल मातीच्या कोर्टवर खेळली जाई. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होताच मिळालेल्या या यशाची चर्चा सुरू होते न होते तोच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या.

युद्धानंतर विम्बल्डन पुन्हा सुरू झाले ते १९१९ मध्ये. लेंग्लेन तेथे पहिल्यांदाच उतरल्या होत्या. त्या वेळच्या नियमानुसार गतविजेत्या खेळाडूला थेट अंतिम सामना खेळायचा असे. ब्रिटनच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स या गतविजेत्या होत्या. त्यांच्या नावावर विम्बल्डनची सात विजेतेपदे होती आणि वय होते चाळीस. समोर वीस वर्षांची फ्रेंच तरुणी. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षागारात उपस्थित होते.

चेंबर्स घोट्यापर्यंतचा घागरा आणि लांब बाह्यांचा पोशाख घालून आल्या होत्या. लेंग्लेन यांच्या पोशाखाच्या बाह्या आखूड होत्या, घागरा पोटऱ्यांपर्यंतच होता आणि आत घट्ट कॉर्सेट नव्हता. अनेकांना हा पोशाख अशोभनीय वाटला. मात्र ज्या प्रकारचा खेळ त्या खेळत होत्या, तो जुन्या पोशाखात खेळणे अशक्यच होते. पहिला सेट लेंग्लेन यांनी १०-८ असा घेतला, दुसरा चेंबर्स यांनी ६-४ असा. तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशा आघाडीनंतर लेंग्लेन थकल्या आणि चेंबर्स ६-५, ४०-१५ अशा पुढे गेल्या. विजयासाठी त्यांना एका गुणाची गरज होती आणि संधी दोन होत्या. पहिल्या संधीवर लेंग्लेन यांच्या रॅकेटच्या लाकडी कडेला लागलेला चेंडू कसाबसा जाळीवरून पलीकडे पडला. दुसरी संधीही हुकली. अखेर लेंग्लेन यांनी तो सेट ९-७ असा जिंकला. एकूण ४४ गेम झालेली ही लढत विम्बल्डनमधील महिलांची सर्वांत लांबलेली अंतिम लढत ठरली. हा विक्रम १९७० पर्यंत कायम होता.

यानंतरच्या सात वर्षांत महिला टेनिसमध्ये त्यांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरली नाही. विम्बल्डनमध्ये १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा १९२५ मध्ये त्या एकेरीच्या विजेत्या ठरल्या. याच सहा वर्षांत अमेरिकेच्या एलिझाबेथ रायन यांच्या साथीने त्यांनी दुहेरीची सहा विजेतेपदेही मिळवली. १९२०, १९२२ आणि १९२५ मध्ये मिश्र दुहेरी जिंकून त्यांनी तिहेरी मुकुट पटकावला. फ्रेंच स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद त्यांना सहा वेळा मिळाले. त्यांपैकी शेवटची दोन, म्हणजे १९२५ आणि १९२६ ची, परदेशी खेळाडूंना प्रवेश खुला झाल्यानंतरची आहेत. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये एकेरीचे सुवर्णपदक जिंकताना त्यांनी संपूर्ण स्पर्धेत अवघे चार गेम गमावले. मॅक्स देक्युजिस यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणि महिला दुहेरीचे कांस्यपदकही त्यांच्याकडे आले. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये तर एकेरीच्या सर्व सामन्यांत मिळून त्यांच्याविरुद्ध पाच गेम जिंकले गेले. उपांत्य फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या किटी मॅकेन यांना एकही गेम मिळाला नाही.

केवळ आकड्यांवरून त्यांची लोकप्रियता समजत नाही. चेंडू गाठण्यासाठी त्या हवेत झेप घेत, तेव्हा टेनिसऐवजी बॅले पाहत असल्याचा भास प्रेक्षकांना होई. पॅरिसचे वेशभूषाकार ज्याँ पातू यांनी त्यांच्यासाठी बिनबाह्यांचे, चुण्यांचे रेशमी पोशाख तयार केले. डोक्याभोवती रंगीत रेशमी पट्टी आणि कोर्टवर येताना अंगावर फरचा कोट, ही त्यांची ओळख ठरली आणि अनेक देशांतील तरुणींनी तिचे अनुकरण केले. सामना सुरू असताना मध्येच वडिलांनी दिलेल्या ब्रँडीचा घोट घेण्याची त्यांची सवय वर्तमानपत्रांना चघळायला पुरत असे. फ्रेंच वृत्तपत्रे त्यांना देवी म्हणू लागली. दियागिलेव्ह यांच्या संस्थेने १९२४ मध्ये सादर केलेल्या ल त्रँ ब्लू या बॅलेतील टेनिसपटू स्त्रीचे पात्र त्यांच्यावरूनच बेतलेले होते.

या लोकप्रियतेचे रूपांतर पैशांत होत होते. पण तो पैसा लेंग्लेन यांना मिळत नव्हता. त्यांचा सामना असला की तिकिटांसाठी लांबच लांब रांगा लागत. विम्बल्डनची वर्पल रोडवरील जुनी जागा अपुरी पडू लागली आणि १९२२ मध्ये ही स्पर्धा चर्च रोडवरील नव्या संकुलात हलवण्यात आली. तेथील सेंटर कोर्टमध्ये सुमारे चौदा हजार प्रेक्षकांची सोय होती. या स्थलांतराच्या कारणांमध्ये लेंग्लेन यांच्याभोवती जमणाऱ्या गर्दीचा उल्लेख नेहमी केला जातो. मात्र विम्बल्डन, फ्रेंच स्पर्धा आणि इतर सर्व मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. विजेत्याला करंडक किंवा भेटवस्तू मिळे, रोख बक्षीस मिळत नसे. उलट प्रवेश शुल्क खेळाडूलाच भरावे लागे. प्रवासखर्च आणि निवासाच्या नावाखाली नामवंतांना पडद्याआड बरेच काही दिले जाते, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. घरची संपत्ती असलेल्यांना ही व्यवस्था सोयीची होती. ज्यांना स्वतः कमवायचे होते, त्यांना मोठ्या स्पर्धांत जागाच नव्हती.

या सात वर्षांत एकेरीच्या कोर्टवर लेंग्लेन एकदाच हरल्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील भागांसाठी निधी उभारण्याच्या निमित्ताने १९२१ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. वडिलांचा या दौऱ्याला विरोध होता. ते सोबत गेले नाहीत. लांबचा सागरी प्रवास करून उशिरा पोहोचलेल्या लेंग्लेन यांची प्रकृती ठीक नव्हती. त्या काळी नामवंत खेळाडूंना सोडतीत वेगळे ठेवण्याची मानांकन पद्धत नव्हती. त्यामुळे फॉरेस्ट हिल्स येथील अमेरिकन स्पर्धेत सुरुवातीलाच त्यांची गाठ गतविजेत्या मोला मॅलरी यांच्याशी पडली. पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतर दुसऱ्या सेटच्या आरंभी खोकल्याने बेजार झालेल्या लेंग्लेन यांनी सामना सोडला. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. पराभव दिसू लागताच त्या आजारी पडतात, अशी टीका झाली. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत याच मॅलरी यांना त्यांनी ६-२, ६-० असे हरवले. त्या सामन्याला अवघी २६ मिनिटे लागली.

आजारपणाची टीका मात्र अन्यायाची होती. १९२४ मध्ये कावीळ झाल्याने त्यांना विम्बल्डनच्या उपांत्य फेरीआधी माघार घ्यावी लागली आणि त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिम्पिकलाही त्या मुकल्या. स्वतःच्या देशात, स्वतःच्या शहरात होणारे ऑलिम्पिक त्यांना बाहेरून पाहावे लागले.

१९२६ हे वर्ष निर्णायक ठरले. अमेरिकेच्या वीस वर्षांच्या हेलन विल्स त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर खेळायला आल्या होत्या. १६ फेब्रुवारी रोजी कान येथील कार्लटन क्लबच्या कोर्टवर दोघींची गाठ पडली. स्पर्धा लहान होती. पण जगभरातील वार्ताहर जमले होते. तिकिटांचे दर भडकले होते आणि जागा न मिळालेले लोक आसपासच्या छपरांवर व झाडांवर चढून बसले होते. पहिला सेट लेंग्लेन यांनी ६-३ असा जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये विल्स यांच्या जोरदार फटक्यांनी त्यांना दमवले. ६-५, ४०-१५ अशी स्थिती असताना विल्स यांचा चेंडू रेषेजवळ पडला आणि बाद असल्याची हाळी ऐकू आली. दोघींनी हस्तांदोलन केले, पुष्पगुच्छ घेऊन लोक कोर्टवर धावले. तेवढ्यात रेषापंचांनी पुढे येऊन खुलासा केला. हाळी त्यांची नव्हती, प्रेक्षकांपैकी कोणाची तरी होती आणि चेंडू आत पडला होता. जिंकलेला सामना पुन्हा सुरू झाला आणि विल्स यांनी ६-६ अशी बरोबरी साधली. थकलेल्या लेंग्लेन यांनी पुढचे दोन्ही गेम घेत ८-६ असा सेट जिंकला. सामना संपताच त्यांना रडू कोसळले. पुन्हा सामना व्हावा अशी सर्वांचीच इच्छा होती. परंतु त्याच वर्षी पॅरिसमध्ये विल्स यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. दोघी एकेरीत पुन्हा कधीही समोरासमोर आल्या नाहीत.

चार महिन्यांनी विम्बल्डनची सुवर्णमहोत्सवी स्पर्धा भरली. पहिल्या दिवशी माजी विजेत्यांचा सत्कार झाला आणि राणी मेरी यांच्या हस्ते लेंग्लेन यांना स्मृतिपदक देण्यात आले. दोनच दिवसांनी सारे बिघडले. एकाच दिवशी त्यांचा एकेरीचा आणि दुहेरीचा सामना ठेवण्यात आला होता. एकेरीची वेळ बदलावी, अशी त्यांची विनंती होती. मात्र तो निरोप योग्य ठिकाणी पोहोचला नाही. राणी सेंटर कोर्टच्या राजकक्षात येऊन बसल्या आणि लेंग्लेन मैदानावर नव्हत्या. त्या आल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना धारेवर धरले. त्यांना भोवळ आली आणि त्या दिवशी त्या खेळू शकल्या नाहीत. वृत्तपत्रांनी या प्रकाराला राणीचा अपमान असे स्वरूप दिले. दोन दिवसांपूर्वी टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांनी नंतरच्या मिश्र दुहेरीच्या सामन्यात त्यांचे स्वागत रोषाने केले. लेंग्लेन यांनी स्पर्धेतून माघार घेतली. त्या विम्बल्डनमध्ये पुन्हा कधीच खेळल्या नाहीत.

घरची परिस्थितीही पालटली होती. वडील आजारी होते आणि शिलकीतला पैसा आटत चालला होता. अशा वेळी सी. सी. पाईल या अमेरिकन व्यवस्थापकाचा प्रस्ताव आला. अमेरिकन फुटबॉलमधील रेड ग्रेंज यांना व्यावसायिक खेळात आणून पाईल यांनी नाव मिळवले होते. सुमारे ५० हजार डॉलरच्या हमीवर अमेरिकेचा दौरा करण्याचा करार लेंग्लेन यांनी १९२६ च्या ऑगस्टमध्ये केला. इतक्या मोठ्या दर्जाच्या खेळाडूने, पुरुष असो वा स्त्री, हौशी टेनिस सोडून व्यावसायिक होण्याची ही पहिलीच वेळ होती.

प्रतिक्रिया लगेच उमटली. फ्रेंच महासंघाने त्यांना स्पर्धांतून बाद केले आणि विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने त्यांचे मानद सदस्यत्व काढून घेतले. लेंग्लेन यांनी आपली बाजू जाहीरपणे आणि हिशेबाच्या भाषेत मांडली. आपल्या खेळावर क्लबांनी लाखो फ्रँक कमावले, स्वतः मात्र तेथे खेळण्यासाठी पैसे भरले, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे कोणतेही काम करून पोट भरण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले नाही आणि या नियमांमुळे टेनिस फक्त धनिकांच्या हाती राहते, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या या मुद्द्यांना सडेतोड उत्तर देणे कोणत्याही संघटनेला जमले नाही.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, छपराखाली, दौऱ्याचा पहिला सामना झाला. सुमारे तेरा हजार प्रेक्षक आले होते. प्रतिस्पर्धी होत्या अमेरिकेच्या माजी विजेत्या मेरी ब्राउन. याच ब्राउन त्या वर्षीच्या फ्रेंच स्पर्धेत अंतिम फेरीत लेंग्लेन यांच्याकडून पराभूत झाल्या होत्या. व्हिन्सेंट रिचर्ड्स, हॉवर्ड किन्से आणि फ्रान्सचे पॉल फेरे हे पुरुष खेळाडूही या चमूत होते. फेब्रुवारी १९२७ पर्यंत हा ताफा रेल्वेने शहरामागून शहर करीत फिरला. ब्राउन यांच्याविरुद्धचे सर्व सामने लेंग्लेन यांनी जिंकले. क्रीडास्पर्धा म्हणून पाहिले तर हे सामने एकतर्फी होते आणि त्यांची गोडी हळूहळू कमी होत गेली, हे मान्य करावे लागेल. आर्थिकदृष्ट्या मात्र दौरा फायद्याचा ठरला. तरीही पाईल यांनी टेनिसमधून लक्ष काढून घेतले. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये काही सामने झाले आणि लेंग्लेन यांची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. त्या वेळी त्या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

व्यावसायिक टेनिसचा मार्ग त्यांनी खुला केला खरा, पण त्यांच्यामागून चालणाऱ्या स्त्रिया फार थोड्या निघाल्या. पुरुषांचे व्यावसायिक दौरे पुढील चार दशके चालू राहिले. स्त्रियांच्या बाबतीत १९४१ मध्ये ॲलिस मार्बल व मेरी हार्डविक यांचा आणि १९५० मध्ये पॉलिन बेट्झ व गसी मोरान यांचा, अशी मोजकीच उदाहरणे आढळतात. हौशी आणि व्यावसायिक हा भेद मोठ्या स्पर्धांतून गेला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी विम्बल्डनने प्रथमच रोख बक्षिसे दिली. महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड मिळाले. पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड.

लेंग्लेन यांच्या वडिलांचे १९२९ मध्ये निधन झाले. या काळात लेंग्लेन यांनी पॅरिसमध्ये क्रीडापोशाखांच्या व्यवसायात काम केले, १९३५ मधील एका ब्रिटिश विनोदी चित्रपटात लहानशी भूमिकाही केली. टेनिसवरील पुस्तके त्या खेळत असल्यापासूनच लिहीत होत्या; एक कादंबरीही त्यांच्या नावावर आहे. मात्र उत्तरायुष्यात त्यांचा खरा ओढा प्रशिक्षणाकडे होता. १९३३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये मुलांना टेनिस शिकवण्यास सुरुवात केली. ज्या महासंघाने त्यांना दूर लोटले होते, त्याचाच पाठिंबा पुढे या शाळेला मिळाला. साध्या व्यायामांतून टेनिस शिकवण्याची त्यांची पद्धत १९३७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१९३८ च्या जूनमध्ये त्यांना रक्ताचा गंभीर आजार झाल्याचे वृत्त आले. त्यानंतर त्यांची प्रकृती झपाट्याने खालावत गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा विम्बल्डन सुरू होते. २ जुलै रोजी हेलन विल्स यांनी एकेरीचे आठवे विजेतेपद मिळवले. त्यानंतर दोन दिवसांनी, ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी सुझान लेंग्लेन यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. शहराच्या उत्तर सीमेवरील सें-तुआँ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.